आठवड्याचे दोन दिवस काम बंद, पगार चारच दिवसांचा. सहीसाठी पत्र फिरतंय, काय करावं?

प्रेसशॉप८४

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतला प्रेस शॉप आहे, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. कायम कामगार ८४, कंत्राटी साधारण ६०. युनियन नाही. साप्ताहिक सुट्टी गुरुवारची.

गेल्या महिन्यापासून मंगळवार-बुधवारही बंद. नोटीस बोर्डावर काही लागलेलं नाही, सुपरवायझरचा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘उद्या येऊ नये’. पगार चार दिवसांच्या हिशोबाने. ज्यांची रजा शिल्लक आहे त्यांना रजा टाकायला सांगतात. कधी पहिल्या शिफ्टला सातला गेटवरच सांगतात, कॉइल (पत्र्याचा रोल) आली नाही, सव्वा अकराला या.

आता एक पत्र फिरतंय : ‘मी सुधारित वेळापत्रक व त्यानुसार वेतन स्वखुशीने मान्य करीत आहे.’ माझी सेवा १२ वर्षं. बेसिक अधिक डीए १५,६०० आणि एकूण १९,५००. एचआर म्हणतं, ‘काम नाही तर दाम नाही, हा नियमच आहे.’ खरंच आहे का? आणि सही केली नाही तर काय होईल?

---

नाइन_ए

असा नियम नाही. ‘काम नाही तर दाम नाही’ हे संपाला किंवा विनापरवाना गैरहजेरीला लागतं. तुम्ही काम करायला तयार आहात आणि मालक देऊ शकत नाही, हे प्रकरण वेगळं आहे.

मालकाकडे कायदेशीर वाटा दोनच आहेत. एक ले-ऑफ, दुसरी सेवाशर्तीत बदल. तुमची कंपनी दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलते आहे आणि पैसे कोणत्याच वाटेने देत नाही.

आधी कायदा कुठला ते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० आली आहे. लोक अजून ‘पंचवीस-सी’ आणि ‘नाइन-ए’ म्हणतात (माझं टोपणनावही त्यातलंच), पण अर्ज लिहिताना नवी कलमं लिहा : ले-ऑफची भरपाई कलम ६७, ती कधी मिळत नाही ते कलम ६९, बदलाची नोटीस कलम ४०.

ले-ऑफ म्हणजे कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, माल साठून राहणं, यंत्र बिघडणं, नैसर्गिक आपत्ती किंवा यांच्याशी निगडित कारणाने मस्टरवरच्या कामगाराला काम देता न येणं. नुसतं ‘ऑर्डर कमी आहेत’ हे कारण या यादीत नाही. कंपनी ते साठलेल्या मालाशी जोडायचा प्रयत्न करेल. म्हणून कारण लेखी मागा. गेटवर ‘कॉइल नाही’ आणि पत्रात ‘मंदी’ असं निघालं तर पुढे ते तुमच्या कामाला येतं.

कारखाना, खाण किंवा मळा असेल, कामगार ५० किंवा जास्त असतील, काम हंगामी नसेल आणि तुमची सलग सेवा एक वर्षाची असेल (१२ महिन्यांत २४० दिवस), तर ले-ऑफच्या प्रत्येक दिवसाला बेसिक अधिक डीएच्या ५० टक्के मिळालेच पाहिजेत. मधली साप्ताहिक सुट्टी धरत नाहीत. ३०० किंवा जास्त कामगार असते तर सरकारची आगाऊ परवानगी लागली असती. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता, तो ३०० केल्याने तुमच्यासारखे कारखाने परवानगीतून सुटले. भरपाईतून मात्र सुटलेले नाहीत.

दुसरी वाट, कायमचा चार दिवसांचा आठवडा. वेतन, भत्ते, कामाचे तास, पाळ्या हे सगळं संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्यात बदल करायचा तर कलम ४० ची लेखी नोटीस आणि त्यानंतर २१ दिवस थांबणं. एक अपवाद लक्षात ठेवा : आणीबाणीच्या परिस्थितीत तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून पाळ्या बदलल्या तर ही नोटीस लागत नाही. एचआर त्याकडे बोट दाखवेल. पण तो अपवाद पाळ्यांपुरता आहे, पगार कापायला नाही.

सुप्रीम कोर्टाने १९७६ साली फायरस्टोन टायरच्या प्रकरणात सांगितलंय की ले-ऑफ करण्याचा अधिकार मालकाला आपोआप नसतो. तो कायद्यात, स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कारखान्याचे लेखी सेवानियम) किंवा करारात सापडला पाहिजे. तेव्हा कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डर आणि तुमचं नेमणूकपत्र आधी काढून वाचा.

पत्रावर सही करू नका. कारण कलम ६७ मध्येच आहे. १२ महिन्यांत ले-ऑफ ४५ दिवसांच्या वर गेला की पुढच्या दिवसांची भरपाई बंद करता येते, पण कधी? कामगाराने तसा करार केला असेल तरच. महिन्याला आठ दिवस धरले तर सहाव्या महिन्यात तुम्ही ४५ ओलांडता. या पत्राचा उपयोग तिथे होणार आहे. ४५ दिवसांनंतर मालक कामगार कपातही (नोकरीवरून कमी करणं) करू शकतो आणि आधीच्या १२ महिन्यांत दिलेली ले-ऑफ भरपाई कपातीच्या भरपाईतून वजा करू शकतो, हेही माहीत असू द्या.

---

मस्टरकारकून

वरचं सगळं बरोबर. पण या केसेस कायद्यावर कमी आणि हजेरीवर जास्त हरतात.

कलम ६९ काय म्हणतं? ले-ऑफच्या दिवशी कामगार नेमलेल्या वेळी, दिवसातून निदान एकदा, कारखान्यात हजर झाला नाही तर भरपाई नाही. व्हॉट्सॲपवर ‘येऊ नये’ आलं आणि सगळे घरी बसले, की सहा महिन्यांनी कंपनीचा वकील म्हणतो, हे लोक हजरच नव्हते. दोन उपाय आहेत. रोज शिफ्टच्या वेळेला गेटवर जा आणि ले-ऑफ मस्टरवर सही मागा. कारखाना बंद असला तरी मस्टर ठेवणं कलम ६८ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. सही करू देत नसतील तर गेटवर उभं असलेल्या सगळ्यांनी तारीख-वेळ लिहून एका कागदावर सह्या करा आणि त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर फोटो पाठवा. दुसरा उपाय म्हणजे ‘हजर राहण्याची गरज नाही’ हे कंपनीकडून लेखी घेणं. सुपरवायझरचे मेसेज पुसू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पर्यायी काम नाकारलं तरी भरपाई जाते. त्याच कारखान्यात, किंवा त्याच मालकाच्या जवळच्या, साधारण आठ किलोमीटरच्या आतल्या युनिटमध्ये तेवढ्याच पगाराचं आणि वेगळं कौशल्य न लागणारं काम दिलं तर जा. प्रेसवाल्याला पॅकिंगला पाठवलं म्हणून रुसून घरी बसाल तर तो दिवस गेला.

हिशोब बघा. १५,६०० भागिले २६ म्हणजे रोज ६००. ले-ऑफ भरपाई ३००. एकूण पगाराचा रोज ७५०. महिन्यात आठ दिवस बंद तर :

कंपनीच्या हिशोबाने १९,५०० वजा ६,००० = १३,५००.
कायद्याने त्यात अधिक ८ × ३०० = २,४००, म्हणजे १५,९००.

थोडक्यात, दर महिन्याला २,४०० रुपये कंपनीकडे तुमचे अडकताहेत. ८४ जणांचे दोन लाखांच्या वर होतात, म्हणून तर पत्र फिरतंय.

आता सव्वा अकराची भानगड. शिफ्टच्या सुरुवातीलाच ‘दुसऱ्या अर्ध्यात या’ सांगितलं आणि तेव्हा काम दिलं, तर ले-ऑफ फक्त अर्ध्या दिवसाचा. पहिल्या अर्ध्याचे १५० आणि दुसऱ्या अर्ध्याचे पूर्ण ३००, मिळून ४५०. तुम्ही सव्वा अकराला गेलात आणि तेव्हाही काम नसेल, तरी दुसऱ्या अर्ध्याचं बेसिक-डीए पूर्ण द्यावं लागतं. ही तरतूद बहुतेक कंपन्या पगारात धरतच नाहीत. गेटवर काही न सांगता आत घेतलं आणि दोन तासांत काम दिलं नाही तर तो पूर्ण दिवसाचा ले-ऑफ, ३००. आणि काम सुरू करून साडेनऊला घरी पाठवलं तर? तो ले-ऑफच्या व्याख्येत बसत नाही. पूर्ण दिवसाच्या वेतनाचा दावा करा, आणि स्टँडिंग ऑर्डरमधलं काम बंद पडण्याचं कलम बघून ठेवा.

पे-स्लिप दर महिन्याला घ्या. बंद दिवसांपुढे ‘ले-ऑफ’ लिहिलंय की ‘बिनपगारी रजा’ की ‘गैरहजर’, ते तपासा. ‘बिनपगारी रजा’ असेल तर तुम्ही रजा मागितलीच नव्हती, असं त्याच आठवड्यात ईमेलवर कळवा.

---

प्रेसशॉप८४

फार उपयोगी माहिती. तिसेक जणांनी पत्रावर सही केली आहे, त्यांचं काय? रजा टाकायला लावतात ते चालतं का? आणि तक्रार नेमकी कुठे करायची? एकट्याने केली तर चालते का?

---

वाळूजकर

सही केलेल्यांनी आजच लेखी कळवावं : ‘अमुक तारखेला घेतलेली सही मजकूर समजावून न देता घेतली, ती मी मागे घेत आहे.’ समजावून दिला असेल तर तसं लिहू नका, नुसतं ‘संमती मागे घेत आहे’ पुरे. पहिल्या ४५ दिवसांची भरपाई अशा पत्राने बुडत नाही, कायद्यापेक्षा कमी देणारा करार तिथे टिकत नाही. वाद होईल तो ४५ नंतरच्या दिवसांवर.

रजा. भरपगारी रजा कामगाराने मागायची असते. मालकाने आपल्या अडचणीसाठी ती खात्यातून वळती करायची नसते. रजा टाकली की कंपनीची ले-ऑफ भरपाई वाचते आणि तुमची शिल्लकही संपते. काही ठिकाणी युनियनच्या करारात ‘ब्लॉक क्लोजर’चं कलम असतं, निम्मे दिवस कंपनीचे आणि निम्मे रजेतले. तुमच्याकडे तसा करार नाही, मग प्रश्नच नाही. पण ज्याला स्वतःला पूर्ण पगार हवा म्हणून रजा वापरायची आहे त्याने खुशाल वापरावी, ते बेकायदा नाही. हिशोब मात्र करून. आणखी एक प्रकार निघेल : ‘आता घरी बसा, मार्चमध्ये चार गुरुवार फुकट भरून द्या.’ फुकट काही नाही. त्या आठवड्यात ४८ तासांच्या वर गेलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम.

तक्रारीच्या तीन खिडक्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली, पैशांची. ले-ऑफ भरपाई ठरलेली रक्कम आहे, त्यासाठी संहितेचं कलम ५९. एकटा कामगारही अर्ज करू शकतो. मंजूर झालं की वसुली दाखला निघतो आणि कलेक्टर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतो. पैसे देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करा.

दुसरी, कापलेल्या पगाराची. वेतन संहिता २०१९, कलम ४५. मुदत तीन वर्षं, अनेकांचा एकच अर्ज चालतो, आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार आहे. दहापट मिळतेच असं समजून अर्ज करू नका, ती वरची मर्यादा आहे. अर्ध्या दिवसाचे न दिलेले पैसे, न मागता बिनपगारी टाकलेले दिवस इथे येतात.

तिसरी, वेळापत्रक बदलण्याबद्दलचा औद्योगिक विवाद. हा समेट अधिकाऱ्यापुढे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) जातो आणि इथे एकट्याचा अर्ज सहसा उपयोगाचा नाही. एकट्याचा वाद बडतर्फी किंवा कपातीत चालतो, कामाच्या तासांत नाही. तीस-चाळीस जणांच्या सह्या आणि पाच प्रतिनिधींची नावं लागतील. समेटाची मुदत ४५ दिवस. नाही जुळलं तर सरकारने प्रकरण पुढे पाठवण्याची वाट न पाहता, अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत थेट न्यायाधिकरणात जाता येतं. माझ्या मते सरळ महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली जावं, औद्योगिक न्यायालयात अंतरिम आदेश लवकर मिळतो. नवीन संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत तो नाही.

---

नाइन_ए

वाळूजकर, इथे थोडं थांबा. अनुचित प्रथेच्या तक्रारीत करार किंवा समझोता मोडल्याचं दाखवायला त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला नववा मुद्दा हाताशी लागतो. यांच्याकडे युनियनचा करार नाही. नेमणूकपत्र आणि स्टँडिंग ऑर्डर यांवर ती उभी करता येईल, पण कागद पाहिल्याशिवाय सांगू नये. शिवाय मुदत ९० दिवसांची आहे आणि पहिल्या बंद दिवसापासून मोजली जाईल, म्हणून वकिलाला दाखवायचं तर या आठवड्यातच.

मी आधी समेटात गेलो असतो. कारण कलम ९०. समेट चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला कामगारांच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत. म्हणजे ‘पुढच्या महिन्यापासून तीनच दिवस’ हे तिथे अडतं. पैशांचे दोन अर्ज समांतर चालतात, त्यांना समेटाची वाट पाहावी लागत नाही.

कंत्राटी मंडळींकडेही बघा. कायम कामगार घरी आणि त्याच प्रेसवर कंत्राटी लोक, किंवा एका विभागात ले-ऑफ आणि दुसऱ्यात ओव्हरटाइम, असं असेल तर तारीखवार नोंद ठेवा. ‘काम नाही’ हा बचावच त्याने कोसळतो. कंत्राटी कामगारांचा स्वतःचा दावा कंत्राटदारावर, आणि कंत्राटदाराने वेतन बुडवलं तर मूळ मालकावर.

ज्यांचा किमान वेतनाचा दर दिवसावर ठरलेला आहे त्यांच्यासाठी वेतन संहितेचं कलम १० : कामावर घेतलं आणि काम कमी तास दिलं, तरी पूर्ण दिवसाचं वेतन. पूर्ण बंद दिवसाला ते लागत नाही.

---

पेरोल_डेस्क

दोन गोष्टी कोणी बोललं नाही.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ ठरतो. चार दिवसांचा आठवडा असेल तर १०४ दिवस होतात, धोका नाही. तीन दिवसांवर आलात की २६ × ३ = ७८, एकदम काठावर. एक दिवस आजारी पडून बिनपगारी गेला की भत्ता गेला. ले-ऑफची भरपाई मात्र १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या व्याख्येत वेतन होती, म्हणजे तो दिवस मोजला जायचा. ‘बिनपगारी रजा’ मोजली जात नाही. मस्टरकारकून यांनी पे-स्लिपवरच्या शब्दाबद्दल सांगितलं त्याचं हे आणखी एक कारण. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्रीत एनसीपी दिवस (ज्यांचं अंशदान भरलेलं नाही ते) दिसतात, तेही तपासा. तिथे वाढलेला आकडा पेन्शनच्या सेवेतून वजा होतो.

ग्रॅच्युइटी. ले-ऑफचे दिवस सलग सेवेत धरतात, तिथे अडचण नाही. अडचण सुधारित वेतन मान्य करण्यात आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनाच्या दरावर निघते आणि मागच्या सगळ्या वर्षांना तोच दर लागतो. आज १५,६०० × १५ ÷ २६ × १२ = १,०८,०००. पत्रावर सही करून दर चार दिवसांचा, म्हणजे १०,४०० झाला, तर त्याच १२ वर्षांचे ७२,०००. एका सहीने ३६,००० गेले, आणि ते गेल्याचं कळतं नोकरी सोडताना.

---

आयटीतला

मध्येच विचारतो. आमच्या ऑफिसमध्येही आठवडा चार दिवसांचा करून पगार २० टक्के कापणार आहेत. आम्हाला हे ले-ऑफचं लागतं का?

---

नाइन_ए

नाही. ले-ऑफ भरपाईची तरतूद कारखाना, खाण आणि मळा यांनाच आहे. ऑफिस, दुकान, हॉटेल यात येत नाहीत. तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसत असाल तर कलम ४० ची २१ दिवसांची नोटीस लागते. देखरेखीचं काम आणि वेतन १८,००० च्या वर, किंवा व्यवस्थापकीय काम असेल तर तुम्ही व्याख्येबाहेर. मग आधार फक्त नेमणूकपत्राचा. त्यात ‘कंपनी वेतन बदलू शकते’ असं कलम आहे का बघा. नसेल तर ईमेलवर ‘मला मान्य नाही, कमी पगार हरकत राखून स्वीकारत आहे’ एवढं लिहाच. दोन-तीन महिने गप्प राहून कमी पगार घेतला की मूक संमती होती असा बचाव उभा राहतो. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

(प्रेसशॉप८४ यांच्यासाठी : १८,००० ची मर्यादा देखरेख करणाऱ्यांना आहे. ऑपरेटरचा पगार कितीही असो, तो कामगारच.)

---

प्रेसशॉप८४

आज हे पत्र देतोय, ४१ जण सही करणार. काही चुकतंय का?

‘प्रति, व्यवस्थापक. दि. … पासून दर मंगळवार व बुधवार आम्हाला काम देण्यात आलेले नाही. आम्ही या दिवशी काम करण्यास तयार होतो व आहोत. कलम ४० ची नोटीस मिळालेली नाही. हे दिवस ले-ऑफचे असल्यास कारण, विभाग व कालावधी लेखी द्यावा, ले-ऑफ मस्टर उपलब्ध करावे व कलम ६७ प्रमाणे भरपाई पुढील वेतनासोबत द्यावी. आमच्या रजा आमच्या अर्जाशिवाय वळत्या करू नयेत. फिरवलेल्या संमतीपत्रास आमची मान्यता नाही. कंपनीची अडचण आम्ही समजतो व ती दूर होईपर्यंत सहकार्य करू.’

---

मस्टरकारकून

शेवटचं वाक्य काढा. ‘अडचण दूर होईपर्यंत सहकार्य’ याचा अर्थ पुढे संमती असा लावतील. त्याऐवजी ‘आम्ही रोज शिफ्टच्या वेळी हजर राहू’ लिहा.

तारखा ‘पासून’ म्हणून सोडू नका, बंद राहिलेला एकेक दिवस आणि सव्वा अकराला बोलावलेले दिवस वेगळे लिहा, जोडपत्र करा. प्रत्येकाचा टोकन नंबर सहीपुढे. दोन प्रती, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोहोचपावतीसह पाठवा, प्रत सहायक कामगार आयुक्तांना. आणि सह्यांचं पान मूळ मजकुराच्या पाठीवरच घ्या. सुटं पान दुसऱ्याच पत्राला जोडायला वेळ लागत नाही.

---

प्रेसशॉप८४

बदल केला. जोडपत्रात १० तारखा झाल्या, त्यातल्या दोन सव्वा अकराच्या. शिक्का मिळाला.